क्लासिक शर्यतींचा सर्वांत मोठा सायकलपटू कोण? तुलना करायची एक रीत

टूर द फ्रान्समुळे सायकल शर्यतींची गोडी लागली, की पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये माणूस आपोआप क्लासिक शर्यतींपाशी येऊन पोचतो. इथे तीन आठवड्यांचा हिशेब नसतो आणि आज हुकलं ते उद्या भरून काढायची सोयही नसते. सकाळी सुटायचं, अडीचशे-तीनशे किलोमीटर जायचं आणि जो पहिला पोचेल तो जिंकला. दोन-तीन शर्यती पाहून झाल्या की प्रश्न पडतोच: यातला आजवरचा सर्वांत मोठा कोण?

एका आकड्यात उत्तर हवं असेल तर ते सोपं आहे. एडी मर्क्स, १९ मॉन्युमेंट, म्हणजे सर्वांत मानाच्या पाच एकदिवसीय शर्यतींत मिळून १९ विजय. उत्तर चुकीचं नाही, पण त्यातून हा खेळ कळत नाही. खेळ कळतो तो मर्क्सच्या मागची ओळ लावताना. रॉजर डे व्लामिंक मोठा की रिक व्हान लॉय? शॉन केलीला कुठे बसवायचं? ताडेय पोगाचार आत्ताच कुणाच्या पुढे गेला? मी गेली काही वर्षं एका दोनशे पानी वहीत हा हिशेब ठेवतो आहे. नव्याने पाहू लागलेल्यांसाठी त्या वहीची रीत इथे सांगतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: किती जिंकल्या हे मी शेवटी बघतो. किती वेगवेगळ्या प्रकारच्या रस्त्यांवर जिंकल्या आणि समोर कोण असताना जिंकल्या, हे आधी.

पायरी १: पाच रस्ते ओळखा

वहीचं पान आडवं धरून पाच रकाने आखा. एकदिवसीय शर्यती पुष्कळ आहेत, पण त्यातल्या सर्वांत जुन्या आणि मानाच्या पाच शर्यतींना मॉन्युमेंट म्हणतात. तुलनेचा कणा त्याच.

पहिला रकाना मिलान–सान रेमोचा. १९०७ पासून चालू असलेली ही शर्यत मार्चमध्ये होते आणि अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, पाचांत सर्वांत लांब. पाच-सहा तास घोळका नुसता पुढे सरकत असतो आणि नवखा प्रेक्षक कंटाळतो. मग समुद्रकाठच्या रस्त्यावर चिप्रेस्सा आणि पोज्जो हे दोन चढ येतात. पोज्जो ३.७ किलोमीटरचा, सरासरी चढ चार टक्क्यांपेक्षाही कमी. बोरघाट सायकलवर चढलेल्याला तो किरकोळ वाटेल. पण पायांत २८० किलोमीटर साठलेले असतात आणि सगळे जण जीव तोडून एकाच अरुंद वळणाकडे धावत असतात. पोज्जोच्या माथ्यावरून खाली उतरलं की साडेपाच किलोमीटरच्या आत शेवट. इथे स्प्रिंटर जिंकतो, उतारावर धाडस करणाराही जिंकतो. म्हणून ही शर्यत पूर्ण करायला सोपी आणि जिंकायला पाचांत सर्वांत अवघड मानली जाते.

दुसरा रकाना फ्लँडर्सच्या शर्यतीचा, १९१३ पासूनच्या. बेल्जियममधल्या आखूड, तिखट, दगडी चढांची ही शर्यत. आउडे क्वारेमोंट २,२०० मीटरचा, पातरबेर्ग जेमतेम ३६० मीटरचा, पण त्यातला एक तुकडा २० टक्क्यांचा. रस्ते शेतातल्या वाटांइतके अरुंद. चढाच्या पायथ्याशी पहिल्या वीसांत नसाल तर वर पोचेपर्यंत शर्यत पुढे निघून गेलेली असते, कारण मधे कुणीतरी अडखळतो आणि मागचे सगळे पाय टेकून उभे राहतात.

तिसरा रकाना पॅरिस–रूबे, १८९६. यात एकही चढ नाही. सुमारे २६० किलोमीटरपैकी पन्नासहून जास्त किलोमीटर दगडी रस्ता, तोही तीसेक तुकड्यांत विभागलेला. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक डोळ्यांसमोर आणू नका. हे दगड शेतातल्या गाड्यांसाठी कधीकाळी बसवलेले, पाठ फुगलेले, कडा झिजलेल्या, मधल्या फटी चाकाचा रिम वाकवतील इतक्या. रस्त्याचा मध्य जरा उंच असतो. सायकलपटू त्या कण्यावरून जातो, नाहीतर कडेच्या मातीच्या पट्टीवरून, आणि हँडल घट्ट न धरता सैल धरतो, कारण घट्ट धरलं की हादरे थेट खांद्यात जातात. पाऊस झाला असेल तर चेहरे ओळखू येत नाहीत. पहिल्या महायुद्धात हा सगळा भाग उद्ध्वस्त झाला. १९१९ ला शर्यत पुन्हा भरवण्याआधी वाट पाहायला गेलेल्यांना जे दृश्य दिसलं, त्यावरून ‘उत्तरेचा नरक’ हे नाव पडलं. शेवट रूबेच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या गोल धावपट्टीवर, आणि विजेत्याला करंडक म्हणून त्याच रस्त्यातला एक दगड.

चौथा लिएज–बास्तोन–लिएज, १८९२, पाचांत सर्वांत जुनी. आर्देनच्या टेकड्यांत लांब चढ एकामागून एक येत राहतात. पाचवा लोंबार्दिया, १९०५. ही ऑक्टोबरमध्ये होते, म्हणून तिला गळत्या पानांची शर्यत म्हणतात. तिच्या वाटेवर बऱ्याचदा येणाऱ्या घिसाल्लो चढाच्या माथ्यावर सायकलपटूंची देवी मानलेल्या मादोन्नाचं छोटं देऊळ आहे आणि आत कोप्पी, बार्ताली, मर्क्स यांच्या सायकली टांगलेल्या आहेत. लोंबार्दियात खरे डोंगर आहेत, तिथे वजनदार माणसाचं काम नाही.

हे पाच रकाने म्हणजे पाच वेगवेगळ्या शरीरांची मागणी, ही गोष्ट मनात पक्की करा. मुंबई–पुणे सायकल शर्यत पाहिलेल्यांना ती लगेच पटेल. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ ठरतो, पण पुण्यात पहिला तोच पोचेल असं नसतं.

पायरी २: ओळी भरा

आता नावं लिहा आणि प्रत्येक रकान्यात विजय मांडा. क्रम वरचाच: सान रेमो, फ्लँडर्स, रूबे, लिएज, लोंबार्दिया. चालू खेळाडूंचे आकडे २०२५ च्या हंगामाअखेरचे आहेत.

एडी मर्क्स: ७, २, ३, ५, २ (एकूण १९)
रॉजर डे व्लामिंक: ३, १, ४, १, २ (एकूण ११)
ताडेय पोगाचार: ०, २, ०, ३, ५ (एकूण १०)
फाउस्तो कोप्पी: ३, ०, १, ०, ५ (एकूण ९)
शॉन केली: २, ०, २, २, ३ (एकूण ९)
रिक व्हान लॉय: १, २, ३, १, १ (एकूण ८)
मॅथ्यू व्हान डर पूल: २, ३, ३, ०, ० (एकूण ८)
फाबियान कान्चेलारा: १, ३, ३, ०, ० (एकूण ७)
टॉम बोनन: ०, ३, ४, ०, ० (एकूण ७)
फिलीप जिल्बेर: ०, १, १, १, २ (एकूण ५)

एकूण आकडा झाकून ही यादी पुन्हा वाचा. ज्यांच्या ओळीत एकही शून्य नाही असे तिघेच: व्हान लॉय, मर्क्स, डे व्लामिंक. शंभराहून जास्त वर्षांच्या इतिहासात तिघे, आणि तिघेही बेल्जियमचे. पाचही जिंकणारा पहिला व्हान लॉय. १९६१ मध्ये लिएज जिंकून त्याने वर्तुळ पूर्ण केलं. एकूण आठच विजय असूनही मी त्याला नऊवाल्यांच्या वर ठेवतो, ते यामुळे.

जिल्बेरची ओळ बघा. एकूण फक्त पाच, पण चार रकाने भरलेले. २०११ मध्ये त्याने एकाच आठवड्यात लिएज आणि तिच्यासारख्याच टेकड्यांतल्या आमस्टेल आणि फ्लेश वालोन या एकदिवसीय शर्यती जिंकल्या, म्हणजे तो टेकड्यांचा माणूस. पुढे त्याने ठरवून दगडांकडे मोर्चा वळवला. २०१७ ला फ्लँडर्स ५५ किलोमीटर एकट्याने जाऊन जिंकली, २०१९ ला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी रूबे. सान रेमोत तो दोनदा तिसरा आला आणि तो एक रकाना रिकामाच राहिला. बोननच्या सात विजयांपेक्षा हे पाच मोठे का? मला तरी वाटतात, आणि तुम्हाला वाटत नसतील तर का नाहीत हे वहीत लिहून ठेवा.

पायरी ३: शून्याच्या आत काय आहे ते बघा

सगळी शून्यं सारखी नसतात. केलीच्या फ्लँडर्सच्या रकान्यात शून्य आहे, पण १९८४, १९८६ आणि १९८७ अशी तीन वर्षं तो तिथे दुसरा आला. एक चाक पुढे गेलं असतं तर पाचही जिंकणारा चौथा माणूस आयर्लंडचा असता. याउलट बोननचं लोंबार्दियातलं शून्य म्हणजे त्याचा तिथे संबंधच नव्हता. १९२ सेंटिमीटर उंचीचा आणि ८० किलोच्या वरचा माणूस त्या डोंगरांत जिंकायला जात नाही.

म्हणून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दुसरे-तिसरे क्रमांक लिहा. डे व्लामिंकची रूबेची चौकट अशी भरली की डोळे विस्फारतात: चार विजय, चार वेळा दुसरा. तो चौदा वेळा सुटला, तेरा वेळा पोचला आणि एकदाही सातव्याच्या खाली आला नाही. ज्या शर्यतीत पंक्चर, पडणं, चिखल, दुसऱ्याची चूक यांतलं काहीही तुमचा दिवस संपवू शकतं, तिथे हे सातत्य मला चार विजयांपेक्षाही मोठं वाटतं.

पोगाचारची शून्यं बघा. २०२५ मध्ये तो सान रेमोत तिसरा आणि रूबेत, पहिल्याच खेपेला, दुसरा आला. फ्लँडर्स, लिएज आणि लोंबार्दिया त्याने जिंकल्या. एका हंगामात पाचही मॉन्युमेंटमध्ये पहिल्या तिघांत येणं त्याआधी कुणालाही जमलं नव्हतं, मर्क्सलाही नाही.

पानाच्या उजव्या कडेला जागतिक अजिंक्यपदाचा एक रकाना जोडा, पण पाचांत मिसळू नका. त्याचा मार्ग दरवर्षी बदलतो, म्हणून विशिष्ट रस्त्याची परीक्षा त्यातून होत नाही. मर्क्स तीन, व्हान लॉय दोन, पोगाचार दोन. डे व्लामिंक शून्य.

पायरी ४: समोर कोण होतं ते लिहा

ही पायरी नवखे हमखास गाळतात आणि माझ्या मते सगळा निकाल इथेच लागतो.

डे व्लामिंकची कारकीर्द मर्क्सच्या ऐन भरात सुरू झाली. १९७० च्या पॅरिस–रूबेत दोघे पुढच्या टोळीत होते, डे व्लामिंकचं चाक पंक्चर झालं, मर्क्स निघून गेला आणि ५ मिनिटं २१ सेकंदांनी जिंकला. दुसरा डे व्लामिंकच. त्याच महिन्यात लिएजमध्ये डे व्लामिंक पहिला आणि मर्क्स तिसरा. १९७५ ची रूबे तर मिळेल तिथे शोधून बघावी अशी आहे. मर्क्स जगज्जेत्याची इंद्रधनुषी पट्ट्यांची जर्सी घालून उतरला होता. शेवट जवळ आला असताना त्याचं चाक पंक्चर झालं, तरी पाठलाग करून तो पुढच्या टोळीला येऊन मिळाला. चौघे वेलोड्रोममध्ये शिरले आणि स्प्रिंटमध्ये डे व्लामिंकने त्याला मागे टाकलं. म्हणजे त्याचे अकरा विजय हे कुणी नसताना उचललेले नाहीत. त्या काळी प्रत्येक शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर मर्क्स उभा असे, शिवाय फेलिचे जिमोंदी आणि पुढे फ्रांचेस्को मोझरसुद्धा.

आता हाच प्रश्न आजच्यांना विचारा. व्हान डर पूल आणि पोगाचार एकमेकांच्या काळात खेळतात. २०२५ ची सान रेमो व्हान डर पूलने पोगाचार आणि गान्ना यांना स्प्रिंटमध्ये हरवून घेतली. त्यानंतर फ्लँडर्स पोगाचारने घेतली. पुढच्याच रविवारी रूबेत पोगाचार एका उजव्या वळणावर वेगात बाहेर फेकला गेला, कठड्यांना धडकला, आणि व्हान डर पूल एकटा पुढे गेला. चार आठवड्यांत तीन मॉन्युमेंट, तिन्हींमध्ये दोघे समोरासमोर. अशा विजयांपुढे मी वहीत चांदणी काढतो.

वाउट व्हान आर्टसाठी मात्र ही पायरी कठोर ठरते. २०२५ अखेर त्याच्या नावावर एकच मॉन्युमेंट आहे, २०२० ची सान रेमो. त्याच वर्षीची फ्लँडर्स त्याने व्हान डर पूलविरुद्ध चाकाच्या अंतराने गमावली, फोटो बघून निकाल द्यावा लागला. नुसत्या यादीत तो कुठेच दिसत नाही. शर्यती पाहिलेल्याला ठाऊक असतं, की त्या वर्षांतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या निकालात त्याची सावली आहे.

पायरी ५: काळाचा हिशेब

इथे फार खोलात शिरू नका, तीन गोष्टी पुरेत. पहिली म्हणजे युद्ध. कोप्पीचा जन्म १९१९ चा. ज्या वयात सायकलपटू सर्वांत जास्त जिंकतो त्या वयात तो सैनिक होता आणि नंतर युद्धकैदी. १९४६ मध्ये परत येऊन त्याने सान रेमो १४ मिनिटांनी जिंकली. त्याच्या नऊ विजयांशेजारी मी ‘युद्ध’ एवढाच शब्द लिहून ठेवला आहे.

दुसरी म्हणजे सुरुवातीची यादी किती बंद होती. पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या सान रेमो आणि लोंबार्दियात बहुतेक सगळे इटालियनच असत. कोस्तान्ते जिरार्देंगोच्या सहा सान रेमो आणि तीन लोंबार्दिया मोठ्याच आहेत, पण त्यांना आजच्या विजयांइतकं वजन देता येत नाही.

तिसरी म्हणजे विशेषीकरण. मर्क्सच्या काळात तोच माणूस मार्चमध्ये सान रेमो, जुलैमध्ये टूर आणि ऑक्टोबरमध्ये लोंबार्दिया जिंकायला उतरे. १९९० नंतर दगडांवरचे वेगळे आणि डोंगरातले वेगळे असे दोन वर्गच पडले. बोनन आणि कान्चेलारा यांच्या ओळींत शेवटचे दोन रकाने रिकामे आहेत ते याच रचनेमुळे. ६५-६६ किलोचा, टूर जिंकणारा पोगाचार जेव्हा क्वारेमोंटवर सगळ्यांना सोडून निघाला, तेव्हा तीस वर्षांची समजूत मोडली. त्याच्या दहा विजयांचं मोल यात आहे.

पायरी ६: दोन नावं घ्या आणि शेवटपर्यंत जा

सगळ्यांना एकदम जोखायला गेलात तर गोंधळ होईल. सरावासाठी कान्चेलारा आणि बोनन ही जोडी घ्या. दोघांची सात-सात मॉन्युमेंट, दोघांच्या वयात काही महिन्यांचं अंतर, दोघेही दगडांवरचे.

फ्लँडर्स तीन-तीन. रूबे बोननच्या चार, कान्चेलाराच्या तीन. सान रेमो कान्चेलाराची एक. आता कोपऱ्यातली बारीक अक्षरं बघा. कान्चेलारा सान रेमोत २०११ ते २०१४ अशी सलग चार वर्षं पहिल्या तिघांत होता, तीनदा दुसरा. बोनन तिथे २०१० ला दुसरा. इतर शर्यतींत बोनन पुढे: ई-थ्री पाचदा, गेंट–वेवेलगेम तीनदा, शिवाय २००५ चं जागतिक अजिंक्यपद. कान्चेलाराचं जागतिक आणि ऑलिंपिक सोनं घड्याळाविरुद्ध एकेकट्याने जायच्या शर्यतींतलं आहे, म्हणून या वहीत ते धरायचं नाही. पण ते विसरूही नका, कारण त्याच्या जिंकण्याच्या पद्धतीचं मूळ तिथे आहे.

२०१० ची फ्लँडर्स. दोघे निसटून पुढे आलेले, बोनन बेल्जियमच्या राष्ट्रीय विजेत्याच्या जर्सीत, कान्चेलारा स्वित्झर्लंडच्या लाल जर्सीत. हेरार्ड्सबेर्गनच्या दगडी चढावर कान्चेलारा सीटवरून न उठता पेडल मारतो आहे. मागे बोनन उभा राहून, सगळं अंग सायकलवर टाकून झुंजतो आहे. दोघांत आधी एक चाकाचं अंतर, मग एका सायकलचं, मग दहा मीटर. कान्चेलाराचे खांदे हलतसुद्धा नाहीत. पुढच्या रविवारी रूबेत तो सुमारे पन्नास किलोमीटर आधी सुटला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही.

बोननच्या बाजूने २००८ ची रूबे: वेलोड्रोममध्ये कान्चेलारा आणि बालान सोबत असताना त्याने स्प्रिंट सहज जिंकली. कान्चेलाराला हे ठाऊक होतं, की बोननला शेवटपर्यंत सोबत आणलं की आपण हरणार. त्याला लांबून सुटावंच लागे. मग येतं २०१२. कान्चेलारा फ्लँडर्समध्ये पडला, कॉलरबोन मोडलं. बोननने ई-थ्री, गेंट–वेवेलगेम, फ्लँडर्स आणि रूबे अशा चारही घेतल्या. रूबेत तर तो पन्नासहून अधिक किलोमीटर एकटा गेला आणि चौथ्या विजयासह डे व्लामिंकच्या बरोबरीला आला. मोठा प्रतिस्पर्धी नव्हता म्हणून तो हंगाम कमी मोलाचा, असं मी म्हणणार नाही. जो समोर असतो त्याच्याशीच लढावं लागतं.

माझा कौल कान्चेलाराला, पण अगदी थोडक्याने. त्याच्या ओळीत सान रेमोचा एक रकाना जास्त भरलेला आहे आणि प्रतिस्पर्ध्याला नजरेसमोर ठेवून हरवलेलं आहे. फक्त दगडांचा विचार केला तर बोनन. हे लिहिताना मला अजूनही दोनदा विचार करावा लागतो, आणि तसा तो करावा लागला तरच जोडी चांगली निवडली असं समजा.

याच पद्धतीने पुढची जोडी व्हान डर पूल आणि डे व्लामिंक घ्या. दोघेही सायक्लोक्रॉसमधून आलेले, म्हणजे हिवाळ्यात चिखलात सायकल चालवून तयार झालेले. रॉजर १९७५ चा सायक्लोक्रॉस जगज्जेता. त्याचा भाऊ एरिक सात वेळा जगज्जेता, आणि २०२५ मध्ये त्या सातची बरोबरी केली ती व्हान डर पूलने. दगडांवर मागचं चाक घसरलं तरी हे लोक घाबरत का नाहीत, याचं उत्तर तिथे सापडतं. घराण्याचाही वारसा आहे: व्हान डर पूलचे वडील आद्री यांनी फ्लँडर्स आणि लिएज जिंकली, आजोबा रेमों पुलिदोर यांनी १९६१ ची सान रेमो.

पायरी ७: डाग लपवू नका

या खेळाचा इतिहास उत्तेजकांच्या डागांशिवाय लिहिता येत नाही. १९७३ ची लोंबार्दिया मर्क्सने पहिल्या क्रमांकाने संपवली होती. चाचणीत दोषी ठरल्याने ती जिमोंदीला गेली, म्हणून मर्क्सच्या चौकटीत दोनच आहेत. तीन फ्लँडर्स आणि तीन रूबे जिंकणाऱ्या योहान म्यूझेउने कारकीर्दीच्या शेवटच्या काळात उत्तेजकं घेतल्याचं पुढे स्वतः कबूल केलं. त्याच म्यूझेउचा गुडघा १९९८ मध्ये पॅरिस–रूबेतल्या आरनबेर्गच्या दगडांवर फुटला होता. जंतुसंसर्ग होऊन पाय कापायची पाळी आली होती आणि दोन वर्षांनी त्याच शर्यतीची शेवटची रेषा त्याने तो गुडघा दाखवत ओलांडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही लिहा. मी नाव खोडत नाही, समोर लाल शाईने नोंद करतो.

पायरी ८: महिलांसाठी वेगळं पान

पुरुषांचा तक्ता उचलून महिलांना लावला की मोठा अन्याय होतो. महिलांची फ्लँडर्स २००४ पासून आहे, लिएज २०१७ पासून, रूबे तर २०२१ पासून. मारियान व्होसच्या फ्लँडर्सच्या चौकटीत एकच विजय दिसतो, २०१३ चा. तिच्या ऐन भरात बाकीच्या शर्यती भरतच नव्हत्या, आणि सान रेमोची महिला शर्यत २००५ नंतर बंद पडली होती ती थेट २०२५ ला परतली. म्हणून तिच्या पानावर फ्लेश वालोन आणि जागतिक अजिंक्यपद हेच मुख्य रकाने करा. फ्लेश वालोन पाच वेळा. जागतिक अजिंक्यपद तीन वेळा, आणि २००७ ते २०११ सलग पाच वर्षं दुसरी. आना व्हान डर ब्रेगनने फ्लेश वालोन सलग सात वर्षं जिंकली. ती शर्यत जिथे संपते त्या यूई गावच्या भिंतीसारख्या चढावर सात वर्षं कुणालाच तिच्या पुढे जाता आलं नाही. आणि आता लोटे कोपेकी: तीन फ्लँडर्स, २०२४ ची रूबे, दोन जागतिक अजिंक्यपदं. नव्या रकान्यांचा पुरा फायदा मिळालेली ती पहिल्या पिढीतली आहे, त्यामुळे तिची आणि व्होसची तुलना करताना कोणत्या वर्षी कोणती शर्यत अस्तित्वात होती हे आधी तपासा.

पायरी ९: बघा आणि मग खोडा

आकडे भरून झाले की प्रत्यक्ष शर्यत बघा. भारतातून सोयीचं आहे. एप्रिलमधल्या रविवारच्या शर्यती आपल्याकडे रात्री आठ-साडेआठच्या सुमारास संपतात, सान रेमो शनिवारी त्याहून तासभर उशिरा. पहिल्यांदा बघताना विजेत्याकडे बघू नका. एक नाव निवडा आणि दगडी तुकडा किंवा चढ सुरू होण्याआधीच्या दोन किलोमीटरमध्ये तो घोळक्यात कितवा आहे एवढंच बघत राहा. मोठा क्लासिक सायकलपटू त्या वेळी वाऱ्याच्या आडोशाला पण पुढे असतो, त्याचा साथीदार त्याच्या पुढे, आणि तो ब्रेकला हात न लावता वळणात शिरतो. केलीची १९९२ ची सान रेमो मिळाली तर बघाच. मोरेनो आर्जेंतिन पोज्जोवर सुटून गेलेला, केली माथ्यावर मागे, आणि मग त्या उतारावर केली एकेका वळणाला अंतर खात खाली येतो. वय छत्तीसच्या घरात. पायथ्याशी त्याने आर्जेंतिनला गाठलं आणि स्प्रिंट जिंकली. केलीची ओळ मी त्यानंतर एक घर वर सरकवली.

सध्या माझ्या पानावरचा क्रम असा: मर्क्स, डे व्लामिंक, व्हान लॉय, मग पोगाचार, केली, कोप्पी. डे व्लामिंक आणि पोगाचार यांची जागा मी दोनदा बदलून पुन्हा होती तशी केली आहे. पाचही रकाने भरलेला माणूस वर, एवढ्या एका कारणासाठी. निवृत्त झालेल्यांच्या ओळी शाईने लिहा. पोगाचार, व्हान डर पूल, व्हान आर्ट, कोपेकी यांच्या पेन्सिलने, आणि चौकटी जरा मोठ्या आखा.